जुना अँप घरघरतोय? आधी नीट ऐका, मग झाकण काढा

सत्तरच्या दशकातले सॅन्सुई, पायोनियर, अकाई असे जपानी अँप, म्हणजे अँप्लिफायर, आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत. बरेचसे त्या काळी आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून आले. दुरुस्तीसाठी असा अँप माझ्या टेबलावर येतो, तेव्हा मालकाला कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "सगळे कंडेन्सर बदलून टाका." कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारे पार्ट. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. पन्नास कंडेन्सर एकदम बदलले आणि आवाज तसाच राहिला, तर दोष जुना की नव्या सोल्डरिंगचा, हे शोधणं दुप्पट अवघड होतं. अँप स्वतःच सांगतो कुठं दुखतंय. फक्त क्रमानं विचारावं लागतं.

पण वर्षानुवर्षं बंद पडलेला अँप थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नका. मागची व्होल्टेजची चावी बघा. ती ११० किंवा १२० वर असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. फक्त जपानी बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. मग ६० किंवा १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडा, म्हणजे अँपची वीज बल्बमधूनच जाईल अशी. एलईडी इथं चालत नाही. स्पीकर न जोडता अँप चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथंच थांबा.

आता ऐकायचं. एखादी जुनी, गेली तरी चालेल अशी स्पीकरची जोडी जोडा, इनपुटचा सिलेक्टर ऑक्सवर (AUX) ठेवा, मागच्या इनपुटच्या सगळ्या वायरी काढा आणि व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज येतोच आहे? मग दोष व्हॉल्यूमच्या पुढं आहे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपमध्ये किंवा आतल्या वीजपुरवठ्यात, सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर आवाज वाढत असेल तर दोष त्याच्या मागं, बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपमध्ये किंवा इनपुटला. दुसरा प्रश्न, एका बाजूला की दोन्हीकडे? अँप बंद करून स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, म्हणजे स्पीकरवरचा संशय फिटेल. दोन्हीकडे सारखाच असेल तर सप्लाय किंवा अर्थिंग बघा. एकाच बाजूला असेल तर त्याच चॅनेलच्या पार्टमध्ये शोधा. एवढ्यावर निम्म्याहून जास्त शोध संपतो, आणि अजून झाकणाचा एक स्क्रूही काढलेला नाही.

घरघरीचे प्रकार दोन. एक गोल, खोल 'हूं', ५० हर्ट्झचा. दुसरा जरा करकरीत, १०० हर्ट्झचा. कान बसलेला नसेल तर फोनवर टोन जनरेटर घ्या आणि दोन्ही सूर हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ नीट येतच नाही. शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डवर ही घरघर सुरुवातीच्या तानपुऱ्याखाली दडते, म्हणून परीक्षा नेहमी शांततेत घ्या. १०० हर्ट्झ दोन्हीकडे, व्हॉल्यूमला न जुमानणारा, म्हणजे बहुधा सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर थकले आहेत. तेवढेच बदला: मूळ व्होल्टेजचे किंवा थोडे जास्तीचे, पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, तपासून. त्याआधी प्लग काढून १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मिनिटभर कंडेन्सरच्या टोकांना धरून चार्ज उतरवा आणि मीटरवर शून्य झाल्याची खात्री करा.

५० हर्ट्झचं कारण पुष्कळदा अँपच्या बाहेरच असतं. वायरी काढल्यावर शांतता पसरली तर एकेक वायर परत लावत जा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अँपमागच्या जीएनडीच्या (GND, अर्थच्या) स्क्रूला लागलेली नसते, किंवा टीव्हीतून येणाऱ्या केबलच्या वायरीमुळं अर्थला दोन वाटा मिळून त्यांचा फेरा तयार होतो. डिशची किंवा केबलची वायर उपसून बघा. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढणं हा मात्र उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर हेही नेहमीचे गुन्हेगार. दिवे गेल्यावरच अँप गुरगुरतो अशी तक्रार असेल, तर मी अँप उघडतच नाही. आणि गुणगुण स्पीकरमधून न येता डब्यातूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा आवाज. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू घट्ट केल्यावर तो पुष्कळदा कमी होतो.

खरखर वेगळी. बटण फिरवताना येत असेल तर पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) आणि स्विच मळलेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे होणारच. प्लग काढून पॉटच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासाच मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. घरातलं गंज काढायचं तेल मारू नका, ते चिकटून राहतं आणि धूळ धरतं. टेप मॉनिटरची, म्हणजे टेप डेक ऐकायची, चावी विसरू नका. वर्षानुवर्षं कुणी हलवलेली नसते आणि एक चॅनेल गायब होण्याचं कारण पुष्कळदा तीच असते. हळू आवाजात एक बाजू जाते आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर परत येते, असं असेल तर स्पीकर रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या विजेवरच्या स्विचचे, कॉन्टॅक्ट बघा. रिले नवा टाकणं उत्तम.

सगळ्यात चिवट खरखर म्हणजे बटणाला हात न लावताही येणारी, कागद चुरगाळल्यासारखी, एकाच चॅनेलला. सुरुवातीला जोरात, अँप तापला की कमी किंवा उलट. इथं संशय छोट्या ट्रान्झिस्टरवर घ्यावा. २एससी ४५८ आणि २एसए ७२६ हे त्या काळचे नंबर वयानुसार आवाज करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. पार्ट झटकन गार करणाऱ्या फ्रीझ स्प्रेची बारीक नळी एकेका ट्रान्झिस्टरवर धरा. ज्याच्यावर मारल्यावर आवाज एकदम बदलतो, तो सापडला. त्यांच्या जागी केएससी १८४५ आणि केएसए ९९२ छान चालतात, पण पाय जुळतात का, हे डेटाशीटवर बघूनच लावा. सोबत लाकडी काडीनं बोर्डावर हलकेच टकटक करा. खाडकन आवाज आला तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सोल्डरचा जोड, आहे. कंडेन्सरच्या बुडाशी लावलेला, आता तपकिरी पडलेला गोंद दिसला तर तो खरवडून काढा. जुना झाल्यावर तो वीज वाहू लागतो आणि आसपासचे पाय खातो.

दुरुस्तीनंतर पुन्हा सिरीज बल्बवर चालवा. मग स्पीकर काढून, थेट वीज देऊन, दहा मिनिटांनी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा, दोन्ही चॅनेलचे. ५० च्या आत असेल तर चांगले स्पीकर जोडा. १०० च्या वर असेल तर जोडू नका. पॉवर अँपचं काम अजून बाकी आहे.