सर्व्हरची रॅम भरतेय? मेला कोण ते सोडा, खाल्ली कोणी ते बघा

रात्री अडीचला फोन, साईट उघडत नाहीये. झोपेतच लॅपटॉप उघडायचा, मायएसक्यूएल (साईटचा डेटाबेस) रिस्टार्ट मारायचा, साईट आली की परत आडवं व्हायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. ४ जीबी रॅमच्या एका लिनक्स व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) मी हे महिनाभर केलंय, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा टर्मिनलमध्ये फ्री -एम मारा, ही कमांड रॅमचा हिशोब एमबीमध्ये दाखवते. इथेच निम्मे लोक घाबरतात, कारण फ्रीच्या कॉलममध्ये १४० एमबी वगैरे दिसतं. अहो, लिनक्स रिकामी रॅम तशीच पडू देत नाही, वाचलेल्या फायली तिच्यात कॅश करून ठेवतो आणि कुणाला लागली की सोडतो. म्हणून शेवटचा अव्हेलेबल कॉलम बघायचा. टोटल ३९००, यूज्ड १३००, फ्री १४०, बफ/कॅश २४६० आणि अव्हेलेबल २३०० च्या आसपास असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे, चहा प्या. आणि ते दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) ड्रॉप कॅशेसमध्ये ३ टाकून कॅश पुसायचं खूळ कृपया करू नका, कॅश पुसली की तेच सगळं डिस्कवरून परत वाचावं लागतं, साईट उलट स्लो होते.

अव्हेलेबलच जर शे-दोनशेवर आलं असेल तर मात्र खरंच गडबड आहे. डीमेसेज -टी (टी कॅपिटल; लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे लॉग दाखवतं) चालवून त्यात किल्ड प्रोसेस शोधा (मशीन रीबूट झालं असेल तर जर्नलसीटीएलमध्ये -के आणि -बी -१ लावून मागच्या बूटचे कर्नल लॉग बघा). माझ्याकडे सरळ लिहिलेलं होतं, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, कंसात मायएसक्यूएलडी, म्हणजे मायएसक्यूएलचीच प्रोसेस. मी मूर्खासारखा महिनाभर मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये डोकं घालून बसलो. रॅम संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर साधारणपणे ज्या एका प्रोसेसकडे सगळ्यात जास्त मेमरी आहे तिला उडवतो, रॅम नक्की कशामुळे संपली याची चौकशी तो करत नाही. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरा चोर दिसला टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये. टॉप उघडून शिफ्ट धरून एम दाबा, मेमरीप्रमाणे क्रम लागतो. व्हर्टचा (प्रोसेसने नुसती राखून ठेवलेली मेमरी) आकडा कितीही मोठा असू दे, सोडून द्या, रेस (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली) बघा. वर मायएसक्यूएल १ जीबी घेऊन एकटाच, आणि खाली पीएचपी-एफपीएमची (साईटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या वर्कर प्रोसेसेसची) रांग, प्रत्येक वर्कर ८० एमबी. एकेकटा बघितला तर बिचारा गरीब वाटतो, पण कॉन्फिगमध्ये पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर, होतं ५०. पन्नास गुणिले ८० म्हणजे ४००० एमबी, अख्ख्या मशीनपेक्षा जास्त! दिवसा दहा-बारा वर्कर चालायचे म्हणून कळत नव्हतं, रात्री बॉट यायचे आणि चाळीसच्या वर जायचे.

आता हिशोब. मशीनचे ढोबळ ४००० एमबी धरून त्यातून मायएसक्यूएलचे १००० आणि सिस्टीमचे ५०० काढले, उरले २५००. भागिले ८० म्हणजे ३१, थोडी हवा ठेवून मी २५ केलं. (रेसमध्ये वर्कर्समधली शेअर्ड मेमरी परत परत मोजली जाते, त्यामुळे हा हिशोब जरा जास्तच धरतो, पण धरू दे.) शिवाय पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स (किती रिक्वेस्टनंतर वर्कर बदलायचा) ५०० केलं, कारण त्याचा डिफॉल्ट ० असतो, म्हणजे वर्कर आपणहून कधीच बदलला जात नाही आणि एखादं प्लगिन मेमरी लीक करत (घेतलेली परत सोडत नसेल) असेल तर तो फुगतच राहतो. एफपीएम रीलोड केल्यावर त्याचा लॉग बघत राहा, मॅक्स_चिल्ड्रन गाठल्याची वॉर्निंग सारखी यायला लागली तर रिक्वेस्ट रांगेत उभ्या राहतायत, मग एकतर रॅम वाढवा नाहीतर बॉट अडवा.

सोबत २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा. स्वॅप थोडं भरलेलं दिसलं म्हणून काही होत नाही, व्हीएमस्टॅट १ लावून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) बघा, तिथे आकडे सतत पळत असतील तरच काळजी.

आणि टॉपमधल्या सगळ्यांची बेरीज केली तरी यूज्डला पोचत नाही, असंही होतं कधी कधी. तेव्हा फ्रीमधला शेअर्ड कॉलम मोठा आहे का बघा, असला तर डीएफ -एच मध्ये टीएमपीएफएसच्या (डिस्कऐवजी रॅममध्ये राहणारे फोल्डर) ओळी तपासा. कुणीतरी डेव्ह-एसएचएममध्ये (असंच एक फोल्डर) बॅकअप ठेवून विसरलेला असतो, आणि तो कुणीतरी बऱ्याचदा आपणच असतो. तिथेही काही नसेल तर स्लॅबटॉप, म्हणजे कर्नलने स्वतः किती खाल्लीय ते कळेल.