दोन नेटवर्क कार्डांच्या लिनक्स सर्व्हरला हात लावण्यापूर्वी

एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाहतूक अडली, की सर्वांत आधी कन्सोलची, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट सर्व्हरवर लॉगिन करण्याची, सोय पाहावी. एसएसएचचे (नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिनचे) सत्र ज्या मार्गावर चालू आहे, नेमका तोच मार्ग बदलावा लागण्याची शक्यता असते. म्हणून आयपीएमआय (सर्व्हरच्या हार्डवेअरमधील स्वतंत्र दूरनियंत्रण) किंवा हायपरवायझरच्या (आभासी सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीच्या) कन्सोलमधून लॉगिन होते की नाही, हे प्रत्यक्ष करून पाहावे. रूटचा पासवर्ड कोणाकडे आहे, ही चौकशी संपर्क तुटल्यावर करण्याची नव्हे.

त्यानंतर ‘आयपी अ‍ॅड्रेस’, ‘आयपी रूल’ आणि ‘आयपी राउट शो टेबल ऑल’ या कमांडचे आउटपुट फाइलमध्ये जतन करावे. नुसते ‘आयपी राउट’ केवळ मेन टेबल (राउटांची, म्हणजे मार्गांची, मुख्य यादी) दाखवते, त्यामुळे ते पुरेसे नाही. डिफॉल्ट राउट (दुसरा मार्ग लागू नसताना वापरला जाणारा) दोन असतील तर दोन्हींचे मेट्रिक (पसंतीचा आकडा) टिपून घ्यावे, कारण कमी मेट्रिकचा राउट निवडला जातो. नेटवर्कमॅनेजर ही जोडण्या सांभाळणारी सेवा असेल तर ती इथरनेटसाठी १०० पासून आकडे देते. दोन्ही कार्डांना डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) गेटवे (बाहेर जाण्याचा राउटर) दिला असेल, तर १०० आणि १०१ ही जोडी हमखास दिसते.

खरी मेख पुढे आहे. पॅकेट कोणत्या कार्डातून बाहेर पाठवायचे हे लिनक्स मुळात गंतव्य पत्त्यावरून ठरवते, विनंती कोणत्या कार्डावर आली होती यावरून नाही. समजा, ईएनएस१९२ आणि ईएनएस२२४ अशी दोन कार्डे आहेत, २०३.०.११३.१० हा पत्ता ईएनएस२२४ वर आहे आणि डिफॉल्ट राउट ईएनएस१९२ वर. तर ईएनएस२२४ वर आलेल्या विनंतीचे उत्तर २०३.०.११३.१० या पत्त्यानेच, पण ईएनएस१९२ मधून निघते आणि पलीकडचा फायरवॉल ते टाकून देतो. म्हणून पलीकडच्या यंत्राचा पत्ता, समजा १९८.५१.१००.२५, घेऊन ‘आयपी राउट गेट १९८.५१.१००.२५’ ही कमांड एकदा तशीच आणि एकदा पुढे ‘फ्रॉम २०३.०.११३.१०’ जोडून चालवावी. दोन्ही वेळा ईएनएस१९२ हेच उत्तर आले, तर त्या पत्त्यासाठी स्वतंत्र टेबल, त्यात त्या बाजूचा गेटवे आणि ३२७६६ (मेन टेबलच्या रूलचा क्रमांक) पेक्षा लहान प्राधान्यक्रमाचा रूल (कोणते टेबल पाहायचे ते सांगणारा नियम) लागणार, हे निश्चित समजावे.

आरपी फिल्टर म्हणजे आलेल्या पॅकेटच्या स्रोत पत्त्याकडे परतीचा मार्ग आहे का, ही कर्नलची तपासणी. त्याची किंमत ‘ऑल’ (सर्व कार्डांसाठीची) आणि त्या कार्डाची, अशी दोन्ही ठिकाणी पाहावी, कारण त्यांतील मोठी किंमत लागू होते. ‘ऑल’मध्ये १ असताना कार्डासाठी ० लिहून काहीच साधत नाही, २ लिहिल्यास मात्र तपासणी सैल होते. या फिल्टरने टाकलेले पॅकेट टीसीपीडम्पमध्ये (कार्डावरची पॅकेट दाखवणाऱ्या साधनात) दिसते, पण अ‍ॅप्लिकेशनपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यामुळे अनेक जण उगाच अ‍ॅप्लिकेशनवाल्यांशी भांडत बसतात. ‘लॉग मार्शियन्स’ ही कर्नलची सेटिंग चालू ठेवल्यास कर्नलच्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते.

टीसीपीडम्प दोन्ही कार्डांवर दोन स्वतंत्र खिडक्यांत, नावे न शोधता पत्ते दाखवणाऱ्या ‘एन’ पर्यायासह तयार ठेवावा. पिंगला (पोहोच तपासणाऱ्या कमांडला) कार्डाचे नाव दिले तर सॉकेट (त्याची नेटवर्क जोडणी) त्या कार्डाशी बांधले जाते, पत्ता दिला तर केवळ स्रोत पत्ता ठरतो. म्हणून दोन्ही चाचण्यांचे निकाल वेगवेगळे लिहावेत. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० असलेल्या कार्डावर तुकडे न करण्याच्या सूचनेसह ८९७२ बाइटचा पिंग (उरलेले २८ बाइट हेडरचे) पाठवून पाहावा. नॅटचे (पॅकेटमधील पत्ते बदलण्याचे) नियमही ओझरते तपासावेत.

बदल प्रथम ‘आयपी’ कमांडने तात्पुरते करावेत, म्हणजे रीबूटनंतर ते आपोआप जातात. कायमचे करताना नेटप्लॅन (नेटवर्कची मांडणी फाइलमधून लावणारे साधन) असल्यास ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे. पुष्टी न मिळाल्यास ते १२० सेकंदांनी जुनी मांडणी परत आणते.