कॅल्शियम नायट्रेट सांभाळा, बाकी सोपं आहे: पावडरींपासून घरीच झाडांचं लिक्विड खत

लिक्विड खताच्या ए (कॅल्शियमची) आणि बी (सल्फेट-फॉस्फेटची) अशा तयार बाटल्या आणणं मी ६ वर्षांपूर्वी बंद केलं. नेरूळला आमच्या बाल्कनीत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) १४ ग्रो बॅगा आणि पाण्यावरचा ४० लिटरचा एक टब आहे, पालक, पाक चोय, मिरची, टोमॅटो असं आलटूनपालटून चालू असतं, आणि ते सगळं नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले ड्रिपमधून सोडतात त्याच पावडरींवर वाढतं. गणित अवघड नाही, सामानही मिळतं. अवघड आहे ते एकच, कॅल्शियम नायट्रेट. म्हणून हा लेख निम्मा त्याच्याबद्दल आहे, बाकीचं पटापट सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. "१९:१९:१९ एक चमचा, एप्सम सॉल्ट एक चमचा, झालं काम" हे जिथे बघाल तिथे सांगतात. (असे तीन आकडे म्हणजे पाकिटावरचं नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशचं टक्क्यांतलं प्रमाण.) मातीच्या कुंडीत ते खपून जातं कारण मातीत थोडंफार कॅल्शियम असतंच, पण पाण्यात आणि कोकोपीटमध्ये नाही खपत. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य, एप्सम सॉल्टमध्ये पण शून्य, वर त्यातला बराचसा नायट्रोजन युरियाचा. आणि चमचा हे माप नाही. कुठली पावडर भुसभुशीत, कुठली दाणेदार, चमच्याला चमचा सारखा भरत नाही. वजन करायचं नसेल तर तयार बाटली आणा, ती परवडेल.

सामान असं: कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट (म्हणजेच एप्सम सॉल्ट), आणि १२ टक्केवालं ईडीटीए चिलेटेड आयर्न (ईडीटीएने धरून ठेवलेलं, पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह). पनवेल-कल्याणकडच्या कृषी सेवा केंद्रात १ किलोची पाकिटं मिळतात, ऑनलाइन पण मिळतात. शिवाय ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, ईसी मीटर आणि पीएच मीटर. ईसी म्हणजे पाणी वीज किती वाहून नेतं ते, त्यावरून पाण्यात किती खत विरघळलंय ते कळतं; इथले सगळे ईसी mS/cm मध्ये आहेत. विरघळलेले क्षार पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) दाखवणाऱ्या टीडीएस पेनवर विसंबू नका, कुठलं पेन ईसीला ५०० ने गुणतं कुठलं ७०० ने, त्यामुळे दोघांचे पीपीएम कधीच जुळत नाहीत. ईसीच बघा.

आपली रेसिपी स्वतः बसवायची असेल तर हे लक्षात ठेवा की ०:५२:३४ मधले ५२ टक्के हे फॉस्फरस नाही, फॉस्फरसचं ऑक्साइड आहे. खरा फॉस्फरस काढायला ०.४३६ ने गुणायचं, पोटॅशला ०.८३ ने. म्हणजे ५२ चे झाले साधारण २२.७ आणि ३४ चे २८. पाकिटावरचा आकडा सरळ धरलात तर फॉस्फरस निम्म्याहून कमी पडतो आणि चूक कुठे झाली तेच कळत नाही.

आता कॅल्शियम नायट्रेट

दुकानातच पहिली गडबड होते. कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, ज्याला सगळे कॅन म्हणतात, ते वेगळं खत आहे, त्यात चुनखडीची पूड असते, ती पाण्यात विरघळत नाही, खाली गाळ बसतो. मला एका दुकानदाराने "ताई एकच आहे, कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम" म्हणत तेच दिलं होतं. पाकिटावर नायट्रोजन १५.५ आणि कॅल्शियम १८.८ असं वाचूनच घ्या. दुसरं म्हणजे बोरॉन घातलेलं कॅल्शियम नायट्रेट. शेतात फवारायला ते चांगलं असेल, आपल्याला नको. पाकिटावर बोरॉन फक्त ०.२ टक्के लिहिलेलं असलं तरी आपल्या डोसला पाण्यात १.६ पीपीएम बोरॉन होतो, हवा असतो ०.३ च्या आसपास. पानांच्या कडा जळतात.

दुसरी गडबड सगळ्यांना माहीत असते तरी सगळे एकदा करतातच. मी पण केली. पहिल्या वर्षी पाचही पावडरी ५ लिटरच्या एकाच कॅनमध्ये घातल्या, ढवळलं, आणि पाण्याचं ताक झालं. वाटलं अजून विरघळायचं असेल, म्हणून गरम पाणी घातलं, रात्रभर ठेवलं, सकाळी तळाला बोटभर पांढरा थर. तो थर म्हणजे जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. कॅल्शियम आणि सल्फेट किंवा फॉस्फेट घट्ट द्रावणात भेटले की एकत्र येऊन खाली बसतात आणि मग कितीही ढवळा, गरम करा, परत विरघळत नाहीत. ते पाणी वरवरचं ओतून मी वापरलं, फेकवलं नाही, आणि त्या सीझनला कॅल्शियम न मिळाल्याने एकूण एक टोमॅटो बुडाशी काळा पडला, ड्रिपच्या नळ्या तुंबल्या त्या वेगळ्याच. खात्री करायची असेल तर ए आणि बी तयार झाल्यावर दोन्हीतलं १०-१० मिली एका काचेच्या ग्लासात ओता आणि थोडा वेळ थांबा. एकदा डोळ्यांनी बघितलं की आयुष्यात परत मिसळणार नाही.

तिसरी गडबड मात्र कोणी सांगत नाही आणि ती खास आपल्याकडची आहे, म्हणजे खाडीकाठच्या लोकांची. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं. पुण्याकडच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात पाकीट क्लिप लावून ठेवलं तर बराच काळ टिकत असेल, इथे जूनमध्ये फोडलेलं पाकीट जुलैत ओल्या साखरेसारखं होतं आणि ऑगस्टमध्ये चक्क पातळ. आणि ओलं झालेलं वापरता येतंच की, असं वाटतं, मलाही वाटलं. काट्यावर ८० ग्रॅम मोजलं की ८० ग्रॅमच दिसतं ना. पण त्यातलं किती मीठ (म्हणजे खत) आणि किती पाणी हे काटा सांगत नाही. मी एकदा उरलेलं पाकीट वजन करून बघितलं, हिशोबाने ५०० ग्रॅम उरायला हवं होतं, भरलं ६४० ग्रॅम. १४० ग्रॅम नुसती नेरूळची हवा.

त्याचा परिणाम असा झाला की ईसी रोजच्यापेक्षा कमी यायला लागला, मला वाटलं मीटर बिघडलं, मग मी ए आणि बी दोन्ही थोडं थोडं वाढवून ईसी जागेवर आणला. इथेच फसले. कारण बी मधलं पोटॅश आणि मॅग्नेशियम पूर्ण वजनाचं होतं, फक्त कॅल्शियम कमी होतं, दोन्ही वाढवल्यावर पोटॅश जास्तच झालं आणि ते कॅल्शियमला मुळांपाशी अजून मागे ढकलतं. मिरचीचे कोवळे शेंडे आखडायला लागले. मी चुरडामुरडा (मिरचीची पानं आखडणारा रोग) समजून ३ आठवडे कडुनिंबाचं तेल फवारत होते, आणि ईसी मात्र अगदी बरोबर दाखवत होता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तो मी कोणासाठी सैल करत नाही: १ किलोचं पाकीट फोडलं की त्याच दिवशी पूर्ण विरघळवायचं. २५ किलोची गोणी स्वस्त पडते पण घेऊ नका, चौघांत वाटून घ्यायची असेल तरच.

करायचं असं. बादलीत दीड लिटर पाणी घ्या, शक्यतो आरओचं. त्यात आख्खं पाकीट ओता, आतून धुवून तेही पाणी घाला. ढवळताना बादली गार पडते, घाबरू नका, हे मीठ विरघळताना उष्णता ओढून घेतं. म्हणून घाईने मार्किंगपर्यंत पाणी भरू नका, तासभर ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ दे, मग पाणी घालून एकूण अडीच लिटर करा. अडीच लिटर पाण्यात १ किलो घालायचं नाही, तसं केलं तर एकूण अडीचपेक्षा जास्त भरतं आणि सगळं माप चुकतं. सगळं मिळून अडीच. वर तेलकट तवंग आला तर सुती कापडातून गाळा. आता या घट्ट द्रावणाच्या, म्हणजे स्टॉकच्या, २०० मिलीत बरोबर ८० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आहे आणि हवेत कितीही दमटपणा असो, झाकण घट्ट असलं की ते तेवढंच राहणार.

ताज्या स्टॉकचे २ मिली १ लिटर आरओच्या पाण्यात घालून ईसी घ्या, ०.९ ते १ च्या मधे येईल, आरओचा स्वतःचा ईसी वजा करायला विसरू नका. हा आकडा मार्करने कॅनवरच लिहा. पुढच्या पाकिटाला हेच करून ताडून बघता येतं, दुकानातच भिजलेलं पाकीट लगेच पकडलं जातं.

ए आणि बी

ए बाटली, १ लिटरची: कॅल्शियम नायट्रेटचा स्टॉक २०० मिली, १३:०:४५ चे ३० ग्रॅम, चिलेटेड आयर्न २ ग्रॅम, पाणी घालून १ लिटर. बी बाटली: ०:५२:३४ चे २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, खाली सांगितलेलं मायक्रोचं (सूक्ष्म अन्नद्रव्यांचं) पाणी १०० मिली, मग १ लिटर. आयर्नच्या जागी हिराकस (फेरस सल्फेट) घालू नका, स्वस्त आहे पण काही दिवसांत गंजाचं पाणी होतं. ए बाटली उन्हात ठेवू नका, ईडीटीएचं आयर्न उजेडाने खराब होतं.

मायक्रो इतके थोडे लागतात की सरळ मोजताच येत नाहीत, म्हणून दहापट करून ठेवायचे: १ लिटर पाण्यात बोरिक ॲसिड १.७ ग्रॅम, मँगनीज सल्फेट १.६, झिंक सल्फेट (२१ टक्केवालं) ०.५, मोरचूद (कॉपर सल्फेट) ०.२, सोडियम मॉलिब्डेट ०.१३. कॅरमची पावडर बोरिक म्हणून वापरू नका, प्रत्येक डब्यात बोरिकच असतं असं नाही.

वापरताना टबात आधी पूर्ण पाणी भरा, लिटरला १० मिली ए घाला, ढवळा, माप धुवा, मग १० मिली बी. पातळ पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र राहू शकतात, घट्टमध्ये नाही, एवढंच आहे. खतांचा ईसी १.६ च्या आसपास येतो, त्यात तुमच्या पाण्याचा मिळवा. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी आहे, ते हलकं आहे, नळाचं ०.१५ वगैरे दाखवतं. घोडबंदर रोडला किंवा अजून कुठे टँकर-बोअरवर असाल तर आधी पाणी मोजा, ०.८ च्या वर असेल तर आरओ मिसळा, कारण जड पाण्यात पीएच वर असतो आणि पातळ करूनही गढूळ होऊ शकतं. पीएच ५.८ ते ६.२ मध्ये आणा, फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, आणि ते टबातच, ए बाटलीत कधीच नाही, कारण या ॲसिडमध्ये फॉस्फेट आहे. लिंबूसत्वाने पीएच उतरतो पण दोन-चार दिवसांत परत वर जातो.

कोवळ्या रोपांना निम्मा डोस. दोन्ही नायट्रेट आग भडकवतात, त्यामुळे गॅस, तेल, रद्दी यांच्यापासून लांब, मुलांच्या हाताबाहेर, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात भरू नका. पोटॅशियम नायट्रेटला पण बंद डबाच लागतो, पण ते कॅल्शियमसारखं पाणी ओढत नाही, पावसाळा काढतं.

टोमॅटो-मिरचीला फळं धरली की पोटॅश वाढवायला ०:०:५० चे २० ग्रॅम बी बाटलीत घालते, हळू विरघळतं, कोमट पाणी घ्या. त्याची पावडर पांढरीशुभ्र दिसते आणि ए मध्ये घातली तरी चालेल असं वाटतं, पण ते पोटॅशियम सल्फेट आहे, ते बी मध्येच.