छोटा देश वाचायचा कसा? सुरुवात तक्रारीपासून करा

कुठल्याही देशाची राज्यघटना उघडा, हक्कांचं प्रकरण देखणंच असतं. जीविताचा हक्क, अभिव्यक्ती, धर्म, समानता. रविवारी अभ्यासिकेत माझ्याकडे येणारी पोरं तेवढंच वहीत उतरवून आणतात, आणि मग भूतान काय, फिजी काय, सगळे देश एकाच साच्यातले वाटू लागतात. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. सीबीएस बसस्थानकावर उतरून कोर्टात येणारा पक्षकार ‘माझे हक्क कोणते’ असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, ‘ताई, आता अर्ज कुठं करायचा?’ देश वाचतानाही हाच प्रश्न हातात ठेवा.

नमुन्याला मॉरिशस घेऊ. कागदपत्रं इंग्रजीत सहज मिळतात, शिवाय कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांची पुढची पिढी तिथं आजही गणपती बसवते. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते.

भूगोल पाच मिनिटांत उरका. क्षेत्रफळ दोन हजार चौ.किमी.च्या थोडं वर, लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आपला जिल्हा 15,530 चौ.किमी., म्हणजे असे सात देश त्यात बसतील. 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक. राष्ट्रपती नामधारी, कारभार पंतप्रधानांच्या हाती, पाच वर्षांची संसद. खडं सैन्य नाही. झालं, पुढे चला.

आता घटनेतलं दुसरं प्रकरण काढा. कलम 3 ते 19 मध्ये हक्क आहेत. पोरं तिसऱ्यापासून वाचायला घेतात. तुम्ही थेट सतराव्यावर या. हक्काचा भंग झाला तर सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येईल, असं ते कलम सांगतं. फुलस्केपवर एक उभी रेघ ओढा आणि तळाशी लिहा: सर्वोच्च न्यायालय, पोर्ट लुई. त्याच्या वर प्रिव्ही कौन्सिल, लंडन, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या वसाहतींतली अपिलं ऐकणारं न्यायमंडळ. प्रजासत्ताक होऊनही शेवटचं अपील आजही तिथंच जातं. त्याच्याही वर संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार समिती, जिनिव्हा. मॉरिशसने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराबरोबर वैयक्तिक तक्रारीचा जोड-करारही स्वीकारलाय. भारताने तो स्वीकारलेला नाही. पोर्ट लुईचा माणूस आपलं गाऱ्हाणं जिनिव्हापर्यंत नेऊ शकतो, पंचवटीतला नाही. हे सांगितलं की वर्गात चुळबुळ सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी.

नुसती शिडी काढून भागत नाही, ती कोण चढलं ते शोधा. सगळ्या पायऱ्या चढलेला एक खटला मला फार आवडतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. 2013 मध्ये तिथं बोटांचे ठसे घेणारं नवं ओळखपत्र आलं. एक नागरिक कोर्टात गेला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ठसे घेणं चालेल, पण ते साठवून ठेवण्याची जी व्यवस्था आहे ती चालणार नाही. ठसे घेण्याबद्दलचं अपील प्रिव्ही कौन्सिलने 2016 मध्ये फेटाळलं. 2021 मध्ये जिनिव्हाने मत दिलं, की खासगीपणाच्या हक्काचा भंग झालाय. आपल्या ‘आधार’च्या 2018 च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी जे वेगळं मत नोंदवलं, त्यात मॉरिशसच्या या खटल्याची चर्चा आहे. दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचा. वेळ जातो, पण गाईडमधली चाळीस पानं पाठ करण्यापेक्षा हे बरं.

मात्र जिनिव्हाचं मत म्हणजे हुकूमनामा नव्हे, त्याच्या वसुलीला बेलिफ जात नाही. म्हणून निकालाची तारीख लिहून थांबू नका, पुढे कायदा बदलला का ते बघा. उदाहरणार्थ, तिथल्या 1977 च्या कायद्याने परदेशी बायकोचा राहण्याचा हक्क शाबूत ठेवला आणि परदेशी नवऱ्याचा काढून घेतला. वीस मॉरिशियन बायकांनी मिळून जिनिव्हाला तक्रार केली. 1981 मध्ये त्यांतल्या परदेशी नवरे असलेल्या तिघींच्या बाजूने मत आलं, 1983 मध्ये कायदा बदलला आणि 1995 मध्ये घटनेच्या सोळाव्या कलमात, म्हणजे भेदभावबंदीच्या यादीत, ‘लिंग’ हा शब्द आला. तोवर तो तिथं नव्हताच!

सोळावं कलम हातात आहे तोवर त्यातले अपवाद तांबड्या शाईने अधोरेखित करा. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा यांचे व्यक्तिगत कायदे या बंदीतून वगळले आहेत. देशाचा खरा स्वभाव अपवादांत कळतो असं माझं मत आहे. भारताच्या बाबतीतही.

निवडणुकीला थोडा जास्त वेळ द्या. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकी तीन आमदार, रॉड्रिग्स बेटाचे दोन, असे 62. त्यावर जास्तीत जास्त आठ जागा ‘सर्वोत्तम पराभूतां’ना. आपल्याकडे दिंडोरी, इगतपुरी जमातींसाठी आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे हे मतदानाआधी ठरलेलं असतं. तिथं निकाल लागल्यावर बघतात कुठला समाज कमी पडला, आणि त्यातल्या हरलेल्या उमेदवाराला आत घेतात. त्यासाठी उमेदवारी अर्जावर समाज लिहावा लागतो: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे किंवा सर्वसाधारण, म्हणजे उरलेले सगळे. तिथले मराठी हिंदूंत धरले जातात. आणि हिशेब कशावर? 1972 च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारलाच नाही. 2010 मध्ये काही उमेदवारांनी समाज लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले. 2012 मध्ये जिनिव्हाने त्यांची बाजू उचलून धरली. सरकारने 2014 पुरती सूट दिली, पुढे पुन्हा तेच. बायकांच्या तक्रारीशेजारी ही ठेवा, म्हणजे कुठली पायरी मजबूत आणि कुठली पोकळ ते दिसेल.

आयोगांची नावं एका ओळीत पुरेत: मानवी हक्क आयोग (कायदा 1998 चा), मुलांसाठी लोकपाल (2003), समान संधी आयोग (कायदा 2008 चा), पोलिसांविरुद्ध तक्रारींसाठी स्वतंत्र आयोग (2018 पासून). प्रत्येकापुढे लिहा, हे फक्त शिफारस करतात की आदेश देऊ शकतात. अर्धी परीक्षा तिथंच असते.

समाज बघायला सुट्ट्यांची यादी घ्या. 1 फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याचा दिवस, 2 नोव्हेंबर हा 1834 मध्ये गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले त्याचा. मग बघा लोकांना सरकारकडून काय मिळतं: विद्यार्थी आणि वृद्धांना 2005 पासून बस फुकट, म्हाताऱ्यांना सरसकट पेन्शन. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग पेन्शन हा हक्कच झाला की!’ नाही. घटनेतल्या हक्कांच्या प्रकरणात सामाजिक-आर्थिक हक्क नाहीत. म्हणून 2025 च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने 60 वरून 65 करायचं ठरलं, तेव्हा लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

शेवटी ताज्या दोन-तीन घटना तपासा. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 1838 च्या संहितेतलं कलम घटनाबाह्य ठरवलं. 2024 मध्ये मतदानाच्या तोंडावर फोन टॅपिंगच्या ध्वनिफिती बाहेर आल्या, आणि सरकारने सोशल मीडिया निवडणूक होईपर्यंत बंद करायचा आदेश काढला. ओरड झाल्यावर दिवसभरात तो मागे घेतला. 10 नोव्हेंबरला मतदान झालं, विरोधी आघाडीने 62 पैकी 60 जागा घेतल्या.

एवढं सगळं दोन फुलस्केपांत बसतं. हात बसला की मालदीव घ्या. तिथं मात्र 2008 च्या घटनेतलं नववं कलम आधी वाचा: मुस्लिम नसलेल्याला नागरिकत्व मिळत नाही. दाद कुठे मागायची हा प्रश्न तिथं नंतर येतो; दाद मागणारा कोण, हे आधी विचारावं लागतं.