शेजारच्या स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात मनाजोगता कप कसा मिळवावा

ज्या घरात कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर आणि वरून किसलेले जायफळ, किंवा फार तर माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहातील चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी, अशीच ओळख पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे, त्या घरातील माणूस पार्ल्यात किंवा दादरला नव्याने उघडलेल्या स्पेशालिटी कॉफीच्या दुकानात प्रथम जातो, तेव्हा फळ्यावरची यादी वाचून बुजतो. मग तो त्यातल्या त्यात ओळखीचे नाव मागतो, आलेला कप निमूटपणे पितो आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे ठरवून पुन्हा तिकडे फिरकत नाही. हे मला फार चुकीचे वाटते, कारण अशा दुकानात कप चांगला लागणे हे बरेचसे गिऱ्हाईक आणि बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारा, यांच्यात काउंटरवर होणाऱ्या चार वाक्यांवर अवलंबून असते.

प्रथम ‘स्पेशालिटी’ या शब्दाचा अर्थ लक्षात घ्यावा. प्रशिक्षित चवपारखी ठरावीक पद्धतीने कॉफी चाखून 100 पैकी गुण देतात आणि 80 किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीला स्पेशालिटी म्हटले जाते. हे गुण बियांचे असतात, तुमच्या हातातल्या कपाचे नव्हेत. उत्तम बीसुद्धा चुकीच्या दळणाने किंवा घाईने बिघडते, आणि उत्तम रीतीने केलेली कॉफीसुद्धा तुमच्या आवडीची नसली तर तुम्हाला रुचणार नाही.

म्हणून मागणी करताना पदार्थाच्या नावाऐवजी आपली आवड सांगावी, आणि तीही आपल्याच शब्दांत. ‘मी घरी जायफळाची दुधाळ कॉफी पितो, आंबटपणा मला चालत नाही,’ एवढे सांगितले तरी बरिस्ताला पुरेशी दिशा मिळते. त्यावर तो बहुधा गडद भाजलेल्या बियांची दुधातली कॉफी सुचवील. दुकानात मॉन्सून्ड मलबार असेल तर ती अवश्य मागून पाहावी. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत या बिया पावसाळी वाऱ्यावर काही आठवडे मुद्दाम पसरून ठेवतात, त्यामुळे त्या फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा बराच उतरतो. याउलट ज्याला कोकम सरबत किंवा आवळा मनापासून आवडतो, त्याने चिकमगळूर, कोडगू किंवा अराकूच्या हलक्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या बियांचे पोअर ओव्हर, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून उतरवलेली कॉफी, दूध-साखरेशिवाय, एकदा तरी घ्यावे. ते आल्याबरोबर संपवू नये, कारण कॉफी थोडी निवली की तिच्यातला फळासारखा स्वाद अधिक स्पष्ट होतो.

दुधाच्या कॉफीबाबत आपल्याकडे एक नेहमीची तक्रार असते, ती म्हणजे कॉफी पुरेशी गरम नाही. बरिस्ता दूध साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंतच तापवतो, कारण त्या टप्प्यावर दुधाची गोडी चांगली जाणवते आणि 70 अंशांच्या पुढे त्याला उकळल्याचा वास येऊ लागतो. ज्यांना घरची वाफाळती कॉफीच हवी असते त्यांनी कप आधी गरम पाण्याने शेकून देण्यास सांगावे. माझ्या मावशीची तक्रार एवढ्यानेच मिटली.

आता तक्रारीविषयी, कारण याच ठिकाणी बहुतेक अनुभव बिघडतात. काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातील एका लहान दुकानात मला जीभ आखडावी इतकी आंबट कॉफी मिळाली. मी ती तशीच संपवली, पैसे दिले आणि पुढे भेटेल त्याला त्या दुकानाविषयी वाईट सांगत राहिलो. आज मला त्याची खंत वाटते, कारण मी कॉफी करणाऱ्या त्या मुलाला चूक सुधारण्याची संधीच दिली नव्हती. पहिल्या दोन घोटांत चव खटकली तर लगेच काउंटरवर जावे आणि ‘चांगली नाही’ असे मोघम न म्हणता चव नेमकी कशी लागते ते सांगावे. आंबट व पाणचट लागली तर बहुधा दळण जाड राहिलेले असते आणि बियांचा अर्क पुरेसा उतरलेला नसतो. कडू व तुरट लागली तर दळण फार बारीक झालेले असते किंवा पाणी अधिक वेळ मुरलेले असते. एस्प्रेसोसाठी, म्हणजे यंत्राच्या दाबाने उतरवलेल्या दाट कॉफीसाठी, साधारण 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत दुप्पट वजनाचा अर्क उतरावा असे एक रूढ प्रमाण आहे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात, घरच्या डब्यातले पोहेसुद्धा सादळतात तेव्हा, ग्राइंडर दिवसातून अनेकदा जुळवावा लागतो. हे जाणणारा बरिस्ता नेमके ऐकल्यावर सहसा आनंदाने दुसरा कप करून देतो. अर्धा कप रिकामा झाल्यावर मात्र ही मागणी करू नये.

चौकशा करायच्या असतील तर सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास जावे. चार टेबलांच्या दुकानात गर्दीच्या वेळी एका कपावर दोन तास लॅपटॉप उघडून बसू नये. बिल मात्र वाचून घ्यावे. ग्राहकाच्या संमतीवाचून त्यात सेवाशुल्क आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते काढण्यास शांतपणे सांगावे, आणि न ऐकल्यास 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एखादी कॉफी आवडली तर तिच्याच बिया घरी न्याव्यात. पुडक्यावर भाजल्याची तारीख पाहावी आणि ती साधारण महिन्याच्या आतली असावी. घरी ग्राइंडर नसेल तर आपण कोणत्या साधनात कॉफी करतो ते सांगून तिथेच दळून घ्यावे, कारण दाक्षिणात्य फिल्टरचे दळण आणि फ्रेंच प्रेसचे, म्हणजे दट्ट्याने दाबायच्या भांड्याचे, दळण यांत बराच फरक असतो. पुडके हवाबंद डब्यात, ओलाव्यापासून दूर ठेवावे. फ्रिजमधून वारंवार काढघाल केल्यास त्यावर ओलावा धरतो. पोअर ओव्हरसाठी 15 ग्रॅम पुडीला 240 मिलिलिटर पाणी या प्रमाणापासून सुरुवात करावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी याच मॉन्सून्ड मलबारची दाट कॉफी फिल्टरमध्ये उतरवून, गरम दुधात मिसळून, साखर नेहमीपेक्षा निम्मी घालून वर चिमूटभर जायफळ किसावे.