मधमाशांच्या पेटीतली राणी दिसेनाशी झाली, तर

परवा शेजारचे भाऊजी धावतच आले. "वहिनी, पेटी तीनदा चाळली, राणी कुठेच नाही!" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते: राणी शोधू नका, अंडी शोधा. सातेरी म्हणजे आपण पेटीत पाळतो ती देशी मधमाशी. तिची राणी काळपट आणि चपळ. उजेड पडला की ती चौकटीच्या, म्हणजे पोळं बांधलेल्या लाकडी पट्ट्यांच्या, पलीकडच्या बाजूला पळते. हजारो माशांत ती दिसली नाही म्हणून ती गेली, असं होत नाही. अंडी मात्र जागची हलत नाहीत.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं. नारळाच्या सोडणाचा धूर दोनच फुंका. चौकट उभीच धरायची. आडवी केली की नवं पोळं तुटून खाली पडतं. मग थोडी कलती करून ऊन पोळ्यातल्या घरांच्या (खणांच्या) तळाशी पोचू द्यायचं. जवळचा चष्मा असेल तर तो लावाच. तळाला पांढऱ्या दोऱ्याचा अगदी बारीक तुकडा दिसेल, ते अंडं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि त्यातून अळी निघते. घरात एकच आणि उभं अंडं दिसलं, की राणी कालपरवापर्यंत तरी नक्की होती. भाऊजींच्या पेटीत तशी अंडी होती. झाकण लावलं आणि त्यांना आठवडाभर पेटीला हात लावायचा नाही असं बजावलं. सातेरी फार छळ सोसत नाही, वारंवार उघडलं तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

अंडी नाहीतच, तरी घाई नको. आषाढ-श्रावणात फुलोरा नसतो, तेव्हा भुकेली राणीसुद्धा अंडी घालणं कमी करते, कधी थांबवते. खात्रीचा उपाय एकच. दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माशा हलक्या हाताने झटकून, या पेटीत मधोमध ठेवा. त्यावर त्या दुसऱ्या पेटीतली राणी चुकूनही येत नाही ना, हे आधी बघा. तिसऱ्या दिवशी उघडा. राणी नसेल तर माशांनी तिथे राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, बांधायला घेतलेली दिसतील, पोळ्याच्या अंगावरच, भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी. राणी असेल तर काही बांधणार नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, परसात पेटी ठेवायची तर दोन ठेवा. एकटी पेटी अडचणीत आली की तिला चौकट द्यायला कोणी नसतं.

राणी खरोखरच गेलेली निघाली, तर पुढचं सगळं महिन्यावर ठरतं.

दिवाळीपासून आंबा-काजूच्या मोहोरापर्यंतचा काळ असेल तर माशांना त्यांचं काम करू द्या. एक-दोन चांगली राणीघरं पुरे. कोवळ्या अळीपासून राणी बाहेर यायला साधारण बारा दिवस लागतात, त्यानंतर आठवडाभरात ती नरांशी संग करायला उडते, आणि आणखी दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. म्हणजे तीन-चार आठवडे धीर धरायचा. झाकणावर खडूने तारीख लिहून ठेवा. मधे एकदाच, पंधराव्या दिवशी, राणीघर बघा: टोकाचं झाकण गोल कापलेलं असेल तर राणी जन्मली, कुशीला भोक असेल तर ती आतच मारली गेली. आजूबाजूच्या पेट्यांत नर आहेत का हेही पाहा. सातेरीच्या नरांच्या घरांना टोपीसारखं उंच झाकण असतं आणि त्याच्या मध्यावर बारीक छिद्र. नर नसतील तर राणी जन्मूनही उपयोग नाही.

जून ते सप्टेंबर मात्र वाट पाहू नका. हे मी एक वसाहत गमावून शिकले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या पोफळीखालच्या पेटीचा आवाज बदलला. रोजचा गुणगुणाट जाऊन लांबलचक कण्हल्यासारखा घुमत होता, माशा दारात इकडेतिकडे फिरत होत्या. राणीघरं दिसली आणि मला केवढा आनंद झाला! राणी जन्मलीही. पण इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतं, त्यात ती उडणार कधी? तीन आठवडे मी रोज आभाळाकडे बघत होते. चौकट काढली तर एकेका घरात तीन-तीन अंडी, काही भिंतींना चिकटलेली. कामकरी माशाच अंडी घालू लागल्या होत्या. सातेरीत हे फार लवकर होतं, आणि त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. पुढच्या पंधरवड्यात रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, शिरला.

आता मी पावसात सरळ पेट्या एकत्र करते. आधी रोज हात-दीड हात सरकवत बिनराणीची पेटी राणीच्या पेटीजवळ आणायची, नाहीतर माशा जुन्या जागी परततात. संध्याकाळी, सगळ्या माशा आत आल्यावर, राणीच्या पेटीचं झाकण काढून वर वर्तमानपत्राचा एकच कागद पसरायचा, सुईने आठ-दहा भोकं पाडायची आणि त्यावर बिनराणीचा कप्पा ठेवायचा. दोन्हीकडे साखरेचा पाक द्यायचा, साखर आणि पाणी समान. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना तेही बघायचं, पाकाला मुंग्या लगेच येतात. कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोचेतो दोन्हीकडचा वास मिसळतो आणि भांडण होत नाही. बिनराणीच्या पेटीत कामकरी माशा अंडी घालत असतील आणि माशा मूठभरच उरल्या असतील, तर कागदाच्या भानगडीत न पडता उघडीप पाहून त्यांना जोमदार पेटीसमोर झटकून टाका. घ्यायचं त्यांना ती पेटी घेते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारासमोर कागदाचा भुगा पडलेला दिसतो. तो दिसला की वरचा कप्पा उघडून माशांनी झाकलेल्या चौकटी खाली बसवा, आणि रिकामी पोळी त्याच दिवशी काढून वितळवून टाका.