क्रूझवर वॉकीटॉकी न्यायचेत? मग निघण्याआधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी, सेट विकत घ्यायच्याही आधी, जहाज कंपनीची बंदी असलेल्या सामानाची यादी उघडा आणि शेवटपर्यंत वाचा. काही कंपन्या घरगुती वॉकीटॉकी चालवून घेतात, काही नाही घेत, आणि हॅम रेडिओ (लायसन्स घेऊन हौसेने वापरतात ते) तर बऱ्याच ठिकाणी चढतानाच काढून घेतात. यादीत काहीच लिहिलेलं नसेल तर ईमेल टाकून विचारा आणि आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, कारण बॅगा स्कॅन करणाऱ्या माणसामागे शेकडो लोकांची लाईन असते, त्याला तुमचं स्पष्टीकरण ऐकायला वेळ नसतो. आणि परवानगी मिळाली तरी समुद्रावर शेवटचा शब्द कॅप्टनचा, बंद करा म्हटलं की बंद.

मग प्रवासाचा नकाशा काढा आणि जहाज कुठल्या कुठल्या देशांत थांबणार ते बघा, कारण सेट कुठला घ्यायचा हे त्यावर ठरतं. अमेरिकेत बिनलायसन्सवाले सेट एफआरएस या नावाने मिळतात, २२ चॅनल, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास. युरोपात पीएमआर४४६ चालतात, १६ चॅनल आणि जास्तीत जास्त अर्धा वॅट. गोची अशी की हे एकमेकांच्या हद्दीत वापरायला परवानगी नाही, अमेरिकेत ४४६ मेगाहर्ट्झ हा हॅमवाल्यांचा पट्टा आहे आणि युरोपात ४६२ वर दुसऱ्या लोकांचं काम चालतं. त्यामुळे बंदरावर उतरून फिरताना सेट वापरायचा असेल तर तिथला नियम आधी शोधा. काही देशांत तर कस्टमवाले वॉकीटॉकी दिसला की लायसन्स मागतात, अशा ठिकाणी सेट केबिनमध्येच बंद करून ठेवलेला बरा. मासेमारीवाल्या बोटींवर असतात तसले मरीन व्हीएचएफ सेट मुळीच नकोत, त्यांचं १६ नंबरचं चॅनल संकटात सापडलेल्यांसाठी असतं, तिथे ‘जेवायला कुठे भेटायचं’ हे विचारणं म्हणजे कहर आहे. आणि कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे ते ऑनलाईन मिळणारे प्रोग्रॅमवाले सेट पण घेऊ नका, एखाद्या पोराने चुकून भलतं बटण दाबलं तर थेट जहाजाच्या कामात लुडबुड होईल.

आता रेंज. पाकिटावर ३५ मैल वगैरे लिहिलेलं असतं, ते एक माणूस डोंगरावर आणि दुसरा खाली दरीत, मधे काहीच नाही, अशा वेळचं असतं. जहाज म्हणजे पोलादाचे डबे एकावर एक रचलेले, सगळ्यात मोठ्यांपैकी एक घेतलं, आयकॉन ऑफ द सीज, तर २० डेक म्हणजे मजले आणि लांबी ३६५ मीटरच्या घरात. पोलादातून रेडिओची लहर आरपार जात नाही, ती जिने, लिफ्टची पोकळी, उघडी दारं, खिडक्या अशा फटींतून वळसे घेत पोचते. या सेटची लहर साधारण ६५ सेंटीमीटरची असते म्हणून दारातून ती बऱ्यापैकी शिरते, व्हीएचएफची २ मीटरची लहर तिथे अडखळते. म्हणून जास्त वॅटच्या मागे फार लागू नका. आम्ही पाचव्या डेकवरच्या आतल्या केबिनमधून अकराव्या डेकवर बोलायला गेलो तर नुसती खरखर, आणि तोच सेट घेऊन दहा पावलं चालत जिन्याच्या चौकात आलो तर शेजारी उभं राहून बोलल्यासारखा आवाज! मग घरात नियमच करून टाकला, ऐकू आलं नाही तर बटण दाबत बसायचं नाही, जिन्यापाशी जायचं.

हे सगळं घरीच तपासता येतं, त्यासाठी जहाज कशाला हवं. एकाने बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जायचं, दुसऱ्याने वरच्या मजल्यावर, मग एकाने लिफ्टमध्ये शिरून दार बंद करून बोलून बघायचं. लिफ्टमधून थोडंफार तरी ऐकू येतंय तो सेट ठेवा, नाहीतर परत करा, परत करायची मुदत संपायच्या आत हे करा म्हणजे झालं.

चॅनल निवडताना एक बारीक गोष्ट फार कोणी सांगत नाही. जहाजावरचे कर्मचारी आपसात बोलायला जे सेट वापरतात त्यांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींत ४६७.५२५, ४६७.५५० आणि ४६७.५७५ मेगाहर्ट्झ येतात, आणि एफआरएसचं ८ नंबरचं चॅनल आहे ४६७.५६२५ वर, म्हणजे अगदी मांडीला मांडी लावून. तेव्हा ८ ते १४ सोडूनच द्या, तसंही तिथे अर्ध्याच वॅटची परवानगी आहे, बाकीच्यांवर २ वॅटपर्यंत चालतं. बाकीच्यांतलं एक ठरवा, एक राखीव ठेवा. प्रायव्हसी कोड नावाचा प्रकार असतो, त्याने प्रायव्हसी बिलकुल मिळत नाही, फक्त दुसऱ्यांची बडबड तुमच्या सेटवर वाजत नाही, तुमचं बोलणं मात्र त्या चॅनलवरच्या कोणालाही ऐकू येतं. म्हणून केबिनचा नंबर रेडिओवर कधीच बोलायचा नाही, मुलांना हे दहादा सांगा.

बटणं लॉक होतात का हे बघितल्याशिवाय सेट घेऊ नका. आमचा धाकटा खिशात सेट घालून पळत होता, चॅनल आपोआप बदललं, आणि आम्ही पाऊण तास सगळे डेक पालथे घातले. साहेब आईस्क्रीमच्या मशीनपाशी उभे होते, वर आम्हालाच विचारतात, तुम्ही बोलत का नव्हता? तेव्हापासून लॉक लावून झाल्यावर सेटच्या पाठीवर चॅनल आणि कोड लिहिलेली चिकटपट्टी लावतो, कोणी विचारलं तर नुसता सेट उलटा करून बघायचं.

बॅटरीचं म्हणाल तर यूएसबीवर चार्ज होणारे सेट घ्या, केबिनमध्ये प्लगची कायम मारामारी असते आणि सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, ती पण जप्त होतात. जोडीला साध्या सेलवरही चालणारा सेट मिळाला तर सोन्याहून पिवळं. विमानाने बंदरापर्यंत जाणार असाल तर सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक इनच्या बॅगेत नाही. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सहन होतात, पूलमध्ये पडला तर गेला, आयपी६७ वाला १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. बोललं की आपोआप चालू होणारी सोय असते ती बंदच ठेवा, डेकवरच्या वाऱ्यालाच ती बोलणं समजते. थिएटर आणि जेवणाच्या हॉलसाठी इयरफोन हवाच, लोक शांतपणे जेवत असताना ‘बाबाऽऽ कुठेयस’ असं खणखणीत वाजलं की सगळं टेबल वळून बघतं.

बोलायची सवय घरीच लावा. बटण दाबायचं, एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. डावीकडची बाजू पोर्ट, उजवीकडची स्टारबोर्ड, तोंड जहाजाच्या पुढच्या टोकाकडे करून, हे मुलांना येत असलं की ‘मी इथेच आहे’ असलं उत्तर येत नाही, डेक नंबर आणि बाजू मिळते.

सेट लागलाच नाही तर काय, हे पण आत्ताच ठरवा. दर दोन तासांनी भेटायची एक जागा, आणि वेळ जहाजाच्या घड्याळाची, फोनची नाही, फोन कधीकधी स्वतःच वेळ बदलून बसतो. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडाच्या असतात, एक छोटा मॅग्नेटवाला बोर्ड चिकटवून त्यावर कोण कुठे गेलंय ते लिहायचं. आमच्या आईने दुसऱ्याच दिवशी सेट परत दिला आणि तो बोर्डच वापरला, आणि खरं सांगू का, ती एकदाही हरवली नाही. जहाजाच्या अॅपमध्ये वायफायवरचं चॅट असेल तर तेही चालू करून ठेवा. सात छोटे आणि एक लांब भोंगा, म्हणजे धोक्याचा इशारा, वाजला तर मात्र सेटवर उत्तराची वाट बघायची नाही, प्रत्येकाने सरळ आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं, आणि मुलं किड्स क्लबमध्ये असतील तर त्यांना कोण आणि कुठे आणणार हे पहिल्याच दिवशी तिथल्या स्टाफला विचारून ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, सेट त्यात टाकू नका, चार्ज करून हातातल्या पिशवीत ठेवा, सकाळी उतरायच्या गर्दीतच सगळ्यात जास्त चुकामूक होते.